बुढापाऱ्याचा विद्यार्थी

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत त्या शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांविषयी लिहिण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेख ज्या विद्यार्थ्याविषयी आहे तो मात्र आपल्या शाळेचा नव्हे. रायपुरातील कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव सापडणार नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी तो या शहरात आला, सुमारे दोन वर्षे येथे राहिला आणि त्या काळात शाळेची पायरी चढला नाही. तरीही परत गेल्यावर मागे राहिलेला तीन वर्षांचा अभ्यास त्याने एका वर्षात पुरा केला आणि तो प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. त्याचे नाव नरेंद्रनाथ दत्त. पुढे जगाने त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले.

रायपूरच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे. बूढा तालाबाला आपण विवेकानंद सरोवर म्हणतो आणि त्या तलावाच्या मध्यभागी त्यांची भव्य ध्यानस्थ मूर्ती आहे. संध्याकाळी तलावावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. परंतु या दोन वर्षांत ते येथे काय शिकले, कोणापाशी शिकले आणि शाळेवाचून त्यांचे शिक्षण कसे झाले, याची चर्चा फारशी कानी येत नाही. मूर्ती उभारणे सोपे असते. घरातील दोन वर्षांचे आयुष्य डोळ्यांसमोर उभे करणे तितकेसे सोपे नसते. त्यासाठी रायपुरातून आधी कोलकात्यास जावे लागते.

उत्तर कोलकात्याच्या सिमला या जुन्या वस्तीत गौरमोहन मुखर्जी रस्त्यावर तिसऱ्या क्रमांकाचे घर आहे. दत्त घराण्याचा हा वडिलोपार्जित वाडा. नरेंद्राचे पणजोबा राममोहन दत्त यांनी तो बांधला. याच घरात १२ जानेवारी १८६३ रोजी, मकरसंक्रांतीच्या पहाटे, नरेंद्राचा जन्म झाला. रामकृष्ण मिशनने या वास्तूचा जीर्णोद्धार केला आणि २००४ पासून ती स्मारक व संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली आहे. पुण्या-नागपूरच्या वाड्यांत वावरलेल्या मराठी माणसाला आत शिरताच फार परके वाटत नाही. बाहेरच्या अंगाला पुरुषांची बैठक, मध्ये मोकळा चौक, देवाचे दालन आणि आतल्या बाजूस स्त्रियांचा भाग. मांडणी ओळखीची, फक्त खांबांची आणि कमानींची तऱ्हा वंगदेशीय. ज्या जागी नरेंद्राचा जन्म झाला तेथे आता पूजास्थान आहे आणि बहुतेक दर्शनार्थी तेथेच हात जोडून अधिक काळ थांबतात. मला स्वतःला मात्र बाहेरच्या बैठकीने जास्त धरून ठेवले.

ती बैठक विश्वनाथ दत्त यांची. नरेंद्राचे वडील कलकत्ता उच्च न्यायालयात अ‍ॅटर्नी होते. फारसी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत त्यांची गती होती, हाफीजची काव्ये आणि बायबल ते सारख्याच आवडीने वाचीत, गाण्याची त्यांना जाण होती आणि स्वयंपाकाचा मोठा षोक होता. पाहुण्यांना स्वतः रांधलेले जेवू घालण्यात त्यांना धन्यता वाटे. पैसा पुष्कळ मिळवीत आणि तितक्याच सढळपणे खर्चीत. दूरच्या नातेवाइकांपैकी किती जण त्यांच्या अन्नावर पोसले गेले याची गणती नाही. त्यांच्या या बैठकीत निरनिराळ्या जातिधर्मांच्या अशिलांसाठी वेगवेगळे हुक्के मांडलेले असत. लहानग्या नरेंद्राने एकदा सगळे गेल्यावर एकेक हुक्का ओढून पाहिला. एकाचा हुक्का दुसऱ्याने ओढला तर जात जाते म्हणतात, ती नेमकी कशी जाते हे त्याला तपासायचे होते. वडिलांनी पाहिले आणि कारण कळल्यावर ते हसून निघून गेले. ही गोष्ट बहुतेक चरित्रांत येते. पण ती बैठक प्रत्यक्ष पाहिल्यावर जाणवते की, मुलाच्या धिटाईइतकेच महत्त्व बापाच्या हसण्याला आहे. असा बाप लाभणे हे त्या मुलाच्या शिक्षणातले पहिले साधन होते, आणि रायपूरच्या दोन वर्षांत तेच मुख्य साधन ठरले.

आतल्या भागावर सत्ता होती ती भुवनेश्वरीदेवींची. काशीच्या वीरेश्वर शिवाला नवस बोलून झालेला हा मुलगा, म्हणून घरात त्याला वीरेश्वर आणि लाडाने बिले म्हणत. मुलगा विलक्षण हूड होता. राग आला की आवरत नसे. मग आई त्याच्या डोक्यावर शिवाचे नाव घेत पाणी ओती आणि तो शांत होई. रामायण-महाभारताच्या कथा त्याने प्रथम तिच्या तोंडून ऐकल्या. मुलांना अक्षरओळख करून देता यावी म्हणून ती स्वतः इंग्रजी शिकली होती. तिची स्मरणशक्ती दांडगी होती आणि मुलाला ती वारशाने मिळाली. या घराने आणखी एक वारसा दिला होता, ज्याची आठवण भुवनेश्वरीदेवींना अधूनमधून अस्वस्थ करीत असणार. नरेंद्राचे आजोबा दुर्गाप्रसाद ऐन तारुण्यात, मुलगा तान्हा असताना, घर सोडून संन्यासी झाले होते. नातवाचा चेहरा आजोबांवर गेला आहे, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणत.

अशा भरल्या घरातून १८७७ मध्ये विश्वनाथबाबू कामानिमित्त मध्यप्रांतात, रायपुरास आले. काही काळाने त्यांनी कुटुंबही बोलावून घेतले. नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता, मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत होता. आज हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीत रायपुराहून रात्री बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी हावड्यास उतरतो. त्या काळी रायपुरास रेल्वे नव्हती. ती पुढच्या दशकात आली. दत्त कुटुंब, चरित्रकारांच्या सांगण्यानुसार, अलाहाबाद-जबलपूरमार्गे रेल्वेने नागपूरपर्यंत आले आणि तेथून पुढचा प्रवास बैलगाडीने झाला. घनदाट अरण्यातून जाणारी ती वाट पंधरा दिवसांहून अधिक काळची होती.

या वाटेवर एक घटना घडली, आणि पुढे स्वामीजींनी तिचा वारंवार उल्लेख केला. गाडी डोंगरांच्या अरुंद खिंडीतून चालली होती. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यांवर फुललेल्या वेली, पक्ष्यांचे आवाज. एका कड्याला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती आणि त्या भेगेत मधमाश्यांचे एक प्रचंड पोळे लोंबत होते. कित्येक पिढ्यांचे श्रम त्यात साठले असावेत, असे ते पोळे होते. ते पाहता पाहता मुलाचे मन त्या मधमाश्यांच्या राज्याच्या आरंभाचा आणि अंताचा विचार करू लागले आणि विचार करता करता त्याचे बाह्य भान हरपले. शुद्धीवर आला तेव्हा गाडी खूप पुढे गेली होती. ध्यानाचा असा अनुभव त्याला प्रथमच आला, असे चरित्रकार मानतात. महाराष्ट्राच्या आणि छत्तीसगढच्या मधला तो रानपट्टा आज आपल्यापैकी अनेक जण वर्षातून दोन-चार वेळा माहेरी किंवा लग्नकार्याला जाताना ओलांडतात. बहुतेक झोपेत.

रायपुरात दत्त कुटुंबाचा मुक्काम बुढापाऱ्यातल्या डे भवनाशी जोडला जातो. या घराचे मालक भूतनाथ डे हे येथील नामवंत बंगाली वकील. तेव्हाचे रायपूर लहानसे गाव होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू यांनी छत्तीसगढचे मुख्य ठाणे रतनपूरहून येथे आणले तेव्हापासून त्याला महत्त्व आले. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि मराठी कारभाऱ्यांच्या जागी कंपनी सरकारचे कारभारी आले. पण भोसल्यांच्या काळात येथे येऊन वसलेली मराठी कुटुंबे गेली नाहीत. नव्या कचेऱ्या, नवी न्यायालये सुरू झाली तशी बंगाली वकील, अधिकारी आणि डॉक्टरही येऊ लागले. घरात बंगाली, बाजारात छत्तीसगढी, कचेरीत इंग्रजी आणि उर्दू, शेजारी मराठी, असा तो शहराचा काळ होता.

नरेंद्राला घालता येईल अशी, त्याच्या इयत्तेला साजेशी शाळा येथे नव्हती. म्हणून विश्वनाथबाबूंनी मुलाला स्वतः शिकवायचे ठरवले. येथे शिकवणे हा शब्द आपल्या नेहमीच्या अर्थाने घेऊ नये. पाठ्यपुस्तके होती, ती मुलाने वाचली; पण बापाने त्याला पुस्तकांपेक्षा जास्त वादविवादात घातले. एखादा विषय काढायचा, आपले मत मांडायचे, मुलाला त्याचे मत मांडू द्यायचे, आणि जेथे मुलाचे म्हणणे खरे दिसेल तेथे निमूटपणे मान्य करायचे. कोलकात्यात उच्च न्यायालयाच्या धांदलीत असलेल्या बापाला एवढी फुरसत मिळाली नसती. रायपुरात संध्याकाळी निवांत होत्या. गावातील शिकलेली माणसे विश्वनाथबाबूंकडे येत, चर्चा रंगे, आणि मुलाला तेथून उठवून लावण्याऐवजी वडील त्याला मध्ये बसवीत. एकदा वडिलांच्या एका ज्येष्ठ स्नेह्याशी बंगाली साहित्याविषयी बोलताना या मुलाने इतके उतारे तोंडपाठ म्हणून दाखवले की, ते गृहस्थ थक्क झाले.

या प्रसंगापाशी मराठी माध्यमाच्या शाळेच्या स्मरणिकेने थोडे थांबायला हरकत नाही. बंगालपासून शेकडो कोस दूर, जेथे बंगाली शाळा नाही, बंगाली ग्रंथालय नाही, तेथे एक मुलगा आपल्या भाषेचे साहित्य मुखोद्गत करीत होता, कारण घरात ती भाषा जिवंत होती आणि ती ऐकून घेणारी मोठी माणसे होती. आपल्या शहरात मराठी शाळा सुरू करणाऱ्यांना आणि ती चालवणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न पडत आला आहे. शाळा मुलाला लिपी देते, व्याकरण देते, कविता देते. घरी त्या भाषेत वाद घालायला कोणी नसेल तर त्या कवितेचे पुढे काय होते, हे आपण सगळे जाणतो.

मोठ्यांच्या संगतीत वाढल्यामुळे नरेंद्राला स्वतःच्या बुद्धीचा अभिमानही येथेच जडला. कोणी वयस्क माणसाने त्याला केवळ पोर म्हणून धुडकावले तर तो चिडे, आणि वडिलांचा स्नेही असला तरी त्याची गय करीत नसे. विश्वनाथबाबू अशा वेळी मुलाच्या उद्धटपणाला चारचौघांत पाठीशी घालीत नसत आणि चारचौघांत फटकारीतही नसत. त्यांची शिक्षा निराळी असे. थोरल्या मुलाने आईला काही अपशब्द बोलले, तर ते शब्द आणि ती तारीख त्याच्या खोलीच्या दारावर कोळशाने लिहून ठेवायची. त्याचे मित्र येत, वाचीत, आणि मुलाला काय वाटायचे ते वाटे. एकदा नरेंद्राने वडिलांना विचारले की, आपण माझ्यासाठी काय ठेवले आहे. त्यांनी त्याला आरशात स्वतःकडे पाहण्यास सांगितले. जगात कशाचेही आश्चर्य वाटल्याचे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, हा धडाही वडिलांचाच. पुढे राजवाड्यात आणि झोपडीत, शिकागोच्या व्यासपीठावर आणि आडरानातल्या धर्मशाळेत हा माणूस सारख्याच सहजतेने वावरला, त्याचे मूळ त्या बैठकीत शोधता येते.

स्वयंपाकही तो वडिलांपाशी शिकला. बुद्धिबळात रमू लागला. गाण्याचा गळा होताच, त्याला वळण लागले. एरवी चरित्रात ही दोन वर्षे अर्ध्या पानात संपतात. पण सोळाव्या वर्षी, १८७९ मध्ये, कोलकात्याला परत गेलेला मुलगा पाहून जुने सोबती चकित झाले, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. तो अंगाने वाढला होता, बोलण्यात पक्व झाला होता. शाळेत पुन्हा घ्यावे की नाही, याविषयी शिक्षकांना आधी शंका होती. त्यानंतरची हकीकत सुरुवातीस सांगितलीच आहे. त्या वर्षी त्या शाळेतून पहिल्या श्रेणीत आलेला तो एकटाच होता. वडिलांनी बक्षीस म्हणून घड्याळ दिले.

पुढची चार-पाच वर्षे सर्वपरिचित आहेत. प्रेसिडेन्सी कॉलेजात काही काळ, मग जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन, ब्राह्मसमाजाच्या सभा, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे वाचन. १८८१ च्या नोव्हेंबरात सिमल्यातच सुरेंद्रनाथ मित्र यांच्या घरी श्रीरामकृष्णांची पहिली भेट झाली. तेथे गाणे म्हणायला बोलावले होते म्हणून नरेंद्र गेला होता. त्यानंतर दक्षिणेश्वर. याविषयी मराठीत उत्तम ग्रंथ आहेत. नागपूरच्या रामकृष्ण मठाची प्रकाशने आणि तेथून निघणारे ‘जीवन-विकास’ मासिक आपल्या अनेक घरांत येते. ते येथे पुन्हा सांगत नाही.

या लेखाचा संबंध घराशी आहे, आणि घराची कहाणी येथून कठीण होते. फेब्रुवारी १८८४ मध्ये विश्वनाथबाबू अकस्मात निवर्तले. नरेंद्राची बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती. हिशेब पाहिला तेव्हा कळले की, मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला होता आणि मागे राहिले होते ते कर्ज. ज्यांना विश्वनाथबाबूंनी पोसले होते त्यांतले कित्येक दिसेनासे झाले. घरात कधी कधी सर्वांना पुरेल इतके अन्न नसे. अशा वेळी नरेंद्र बाहेर जेवणाचे निमंत्रण असल्याचे सांगून निघून जाई आणि उपाशी राही. कागदपत्रे हाती घेऊन, भर उन्हात, अनवाणी तो नोकरीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत होता. आणि याच वेळी भाऊबंदकीने डोके वर काढले. एकत्र कुटुंबातल्या चुलतीने सिमल्याच्या घरातील वाट्यावरून दावा लावला. ज्या घरात जन्म झाला त्या घरात राहणे अवघड होऊन भुवनेश्वरीदेवींना मुलांसह जवळच रामतनू बोस गल्लीतील आपल्या माहेरच्या घरी आसरा घ्यावा लागला.

आता एक विचित्र चित्र डोळ्यांसमोर येते. श्रीरामकृष्णांनी १८८६ च्या ऑगस्टमध्ये देह ठेवला. त्यांचे तरुण शिष्य वराहनगरच्या एका पडक्या घरात राहू लागले आणि त्यांनी संन्यास घेतला. नरेंद्र त्यांचा म्होरक्या. त्याने घर सोडले होते, पण घर त्याला सोडीत नव्हते. मठात ध्यान, वेदान्तचर्चा, भिक्षेचे अन्न. आणि अधूनमधून शहरात जाऊन वकिलांच्या भेटी, कागद, उच्च न्यायालयातील साक्ष आणि उलटतपासणी. मार्च १८८७ मध्ये निकाल भुवनेश्वरीदेवींच्या बाजूने लागला. परंतु न्यायालयात जिंकणे आणि घराचा निर्वेध ताबा मिळणे या दोन गोष्टी त्या काळीही एक नव्हत्या. वाद धुमसत राहिला.

संन्याशाने आईच्या घराची चिंता का करावी, असा प्रश्न काहींना पडतो. त्यांच्या चरित्राचे भाविक लेखक हा भाग झरझर उरकतात. मला वाटते, उरकू नये. सर्वस्व सोडून गेलेल्या माणसाच्या मनात आयुष्यभर एक ऋण सलत राहिले आणि त्याने ते लपवले नाही, यात कमीपणा कुठला? आजोबाही असेच घर सोडून गेले होते. त्या जाण्याचे परिणाम घरातील स्त्रीला कसे भोगावे लागतात, हे या नातवाने पाहिले होते.

स्वतःला घर नाही असा हा माणूस पुढची काही वर्षे भारतभर हिंडला आणि लोकांच्या घरी राहिला. त्यांपैकी दोन मुक्काम मराठी वाचकाला जवळचे. १८९२ मध्ये मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. टिळकांनी त्यांना आपल्या घरी, विंचूरकरांच्या वाड्यात, आठ-दहा दिवस ठेवून घेतले. या पाहुण्यापाशी पैसा नव्हता. एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू एवढाच संसार होता. नाव त्यांनी सांगितले नाही. शिकागोची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि तसबीर पाहण्यात आली तेव्हा टिळकांना आपला पाहुणा ओळखू आला. पुढे कोलकात्याच्या काँग्रेसच्या वेळी टिळक बेलूर मठात जाऊन त्यांना भेटले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून ते बेळगावला आले आणि सदाशिवराव भाटे या वकिलांच्या रिसालदार गल्लीतील घरी उतरले. संन्यासी असून हा माणूस जेवणानंतर विडा आणि तंबाखू मागतो, याचे त्या घराला नवल वाटले. घरातला शाळकरी मुलगा पाणिनीची अष्टाध्यायी घोकीत असे. त्याने कष्टाने पाठ केलेली सूत्रे या पाहुण्याच्या तोंडून सहज येताना ऐकून तो थक्क झाला. मोठेपणी प्राध्यापक झाल्यावर त्याने या आठवणी लिहून ठेवल्या. तीन-चार दिवसांनी स्वामीजी किल्ल्यातील हरिपद मित्र या वन अधिकाऱ्यांकडे गेले. तेथे एकदा त्यांनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधली दोन-तीन पाने तोंडपाठ म्हटली. पुस्तक केवळ दोनदा वाचले होते, त्यांतले एक वाचन शाळेच्या वयातले. रायपुरात वडिलांच्या पाहुण्यांसमोर बंगाली उतारे म्हणून दाखवणारा मुलगा येथे पुन्हा भेटतो. बेळगावातही त्यांच्या वास्तव्याची स्मृती रामकृष्ण मिशनने जपली आहे. पाहुणा म्हणून अवघे काही दिवस राहिलेल्या माणसासाठी एका गावाने एवढे केले, हे बुढापाऱ्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ते बोलले आणि रातोरात जगप्रसिद्ध झाले. त्यानंतर अमेरिका, इंग्लंड, १८९७ मध्ये परत येऊन रामकृष्ण मिशनची स्थापना, मग बेलूर मठ. पण भुवनेश्वरीदेवी अजूनही माहेरच्या लहान घरात होत्या. खेतडीचे राजे अजितसिंह दरमहा शंभर रुपये त्यांच्यासाठी पाठवीत होते, ते स्वामीजींनी लाज सोडून मागितल्यामुळे. ज्या माणसाने स्वतःसाठी कधी दोन पैसे मागितले नाहीत, त्याने आईसाठी मागितले. चुलतीने आपला वाटा विकायला काढला तेव्हा त्यांनी सहा हजार रुपये उभे करून तो आईसाठी विकत घेतला. पैसे दिल्यावर ताबा मिळेना. संन्यासी न्यायालयात जाणार नाही, हा प्रतिपक्षाचा होरा होता. या विश्वासघाताची वेदना त्यांच्या पत्रांतून स्पष्ट उमटली आहे. प्रकृती ढासळत होती. दमा, मधुमेह, निद्रानाश. १९०१ मध्ये त्या अवस्थेत त्यांनी आईला पूर्व बंगाल आणि आसामची तीर्थयात्रा घडवली. आईची इच्छा जुनी होती.

जून १९०२ च्या अखेरीस घराच्या वादाची तडजोड झाली. ४ जुलै रोजी बेलूर मठात त्यांनी देह ठेवला. वय एकोणचाळीस. अठरा वर्षे चाललेले ते प्रकरण मिटवल्यावर त्यांना जेमतेम आठवडाभर मिळाला.

पुढे सिमल्याचे घर हळूहळू मोडकळीस आले. मोठ्या वास्तूचे जे होते तेच झाले. खोल्याखोल्यांतून भाडेकरू, रस्त्याच्या अंगाला दुकाने, गळकी छपरे, वाढवलेल्या भिंती. जन्मशताब्दीच्या सुमारास मिशनने ही वास्तू मिळवण्याचे प्रयत्न सुरू केले आणि त्यात दशके गेली. मालकी हक्क, भाडेकऱ्यांचे पुनर्वसन, भूसंपादन, पुन्हा न्यायालये. या घराच्या नशिबी कज्जे लिहिलेलेच असावेत. अखेर राहणाऱ्यांची दुसरीकडे सोय लावून, पडलेले भाग जुन्या रूपाला धरून पुन्हा उभारून हे स्मारक साकारले. जोडीला ग्रंथालय आणि सांस्कृतिक केंद्रही आहे. जीर्णोद्धार केलेली घरे राहत्या घरांपेक्षा नेहमीच जास्त स्वच्छ आणि जास्त शांत असतात. येथेही तसे आहे. चौकात उभे राहून पोरांचा दंगा, अशिलांची वर्दळ आणि आश्रितांच्या पंगती आपल्याला मनाने भराव्या लागतात. शक्य असल्यास सकाळी लवकर जावे, गर्दी होण्यापूर्वी, आणि तेथून पायी रामतनू बोस गल्लीपर्यंत जाऊन यावे. अंतर अगदी थोडे आहे. वाड्यातून त्या गल्लीत येताना भुवनेश्वरीदेवींनी काय गमावले हे चालता चालता कळते.

आणि मग बुढापारा. विवेकानंद सरोवरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर डे भवन आहे. या घराचे स्मारक व्हावे ही शहराची इच्छा जुनी आहे आणि तशा घोषणाही झाल्या आहेत. ते कसे व्हावे याविषयी माझे एक मत आहे. तेथे आणखी एक पुतळा नको. तो तलावात आहेच. तेथे एक बैठक असावी. सतरंजी, लोड, एक बुद्धिबळाचा पट, बंगाली आणि इंग्रजी पुस्तकांची दोन कपाटे, आणि शाळांतील मुलांनी येऊन मोठ्यांशी वाद घालावा अशी आठवड्यातून एक संध्याकाळ. हिंदीत घालावा, छत्तीसगढीत घालावा, मराठीतही. आपल्या शाळेची नववी-दहावीची मुले तेथे प्रथम जावीत, असे मला वाटते.

त्या घराने आणखी एक विद्यार्थी घडवला, हे जाता जाता सांगितले पाहिजे. भूतनाथ डे यांचा मुलगा हरिनाथ १८७७ मध्ये जन्मला. नरेंद्र रायपुरात असताना तो पाळण्यात होता. त्याचे बालपण याच शहरात गेले. हा हरिनाथ पुढे तीसहून अधिक भाषांचा जाणकार झाला आणि १९०७ मध्ये कोलकात्याच्या इंपीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल म्हणून नेमला गेला. तेच आजचे राष्ट्रीय ग्रंथालय. १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो वारला. मुलाच्या मागे नऊ वर्षे जगून भुवनेश्वरीदेवीही त्याच वर्षी गेल्या.